सामूहिक धाव व श्रमदानातून परसबाग

शहरात दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हजारो रोपे लावली जातात. फोटो निघतात, बातमी छापून येते आणि पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्यात वाळलेली काडी उभी दिसते. रोप लावणे हे एका दिवसाचे काम आहे. ते जगवणे हे किमान दोन उन्हाळ्यांचे काम आहे, आणि त्यासाठी माणसे नेमाने यावी लागतात. दुसरीकडे त्याच शहरात रोज पहाटे शेकडो माणसे वजन, साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवण्यासाठी धावताना, चालताना दिसतात. एकीकडे बागेला हात कमी पडतात, तर दुसरीकडे अंगातील ताकद रस्त्यावरच खर्च होते. या दोन्हींची सांगड घालता येते. ती कशी घालावी, भाईंदर पूर्वसारख्या खाडीकाठच्या दाट वस्तीत काय अडचणी येतात आणि त्यात आपण शेतकऱ्यांनी काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

कल्पना नवी नाही

महाराष्ट्राला श्रमदान शिकवावे लागत नाही. बाबा आमटे यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे युवकांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाल्यापासून महाविद्यालयीन मुले गावोगावी शिबिरांत कुदळ-फावडे हाती घेत आली आहेत. अलीकडचे उदाहरण म्हणजे पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. २०१६ साली ती वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली आणि सातारा जिल्ह्यातील वेळू गाव पहिले आले. २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत पोहोचली. त्या वर्षी १ मे रोजी शहरांतील हजारो माणसे जलमित्र म्हणून गावांत जाऊन चर खणून आली. या स्पर्धेतील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण दिले जाई आणि मगच कुदळ हाती दिली जाई. न शिकता केलेले श्रमदान पहिल्याच पावसात वाहून जाते.

व्यायाम व झाडांची निगा यांची जोडही आपल्याकडे आहे. पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे फिरायला जाणारी अनेक मंडळी उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या व कॅन सोबत नेतात आणि वाटेवरच्या रोपांना पाणी घालतात. चढ चढण्याचा व्यायाम होतो आणि रोपही जगते.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट संघटित रीतीने केली गेली. तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. विल्यम बर्ड यांच्या कल्पनेतून व तेथील एका निसर्ग-स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने 'ग्रीन जिम' सुरू झाले. व्यायामशाळेत लोखंड उचलण्याऐवजी माणसे खणणे, छाटणे, रोपे लावणे अशी कामे करतात. कामाआधी अंग मोकळे करण्याचे व कामानंतर ते सैल करण्याचे व्यायाम घेतात. पुढे २००९ साली लंडनमध्ये आयव्हो गॉर्मली यांनी 'गुडजिम' सुरू केले. तेथे मंडळी एका ठिकाणी जमतात, गटाने धावत एखाद्या सामूहिक बागेत किंवा संस्थेत जातात, तासभर माती वाहणे, खत पसरणे अशी कामे करतात आणि धावत परत येतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करण्यासाठीही तेथील सदस्य धावत जातात.

या सर्व उदाहरणांतून एकच सूत्र निघते. धावायला ठिकाण हवे आणि ठिकाणी काम हवे. काम वाट पाहत असेल तर पावसाची भुरभुर असतानाही माणूस घराबाहेर पडतो.

शरीराला काय मिळते

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे काम करावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी केली. नुसत्या धावण्याने हृदय व फुप्फुसांना व्यायाम मिळतो, पण पाठ, खांदे व हात तसेच राहतात. खणणे, उचलणे, ढकलणे या कामांनी ती उणीव भरून निघते.

हिशेब असा मांडता येतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने ताशी ८ किमी वेगाने अर्धा तास धावल्यास सुमारे २५० किलोकॅलरी खर्च होतात. तेवढाच वेळ कुदळ-फावड्याने खणल्यास सुमारे १५०, बागेतील साधी कामे केल्यास सुमारे ११५ आणि झपाझप चालल्यास सुमारे १३० किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे २० मिनिटे धाव, ४० मिनिटे बागकाम व परतीची २० मिनिटांची चाल असा कार्यक्रम केल्यास ४०० ते ४५० किलोकॅलरी खर्च होतात. जोरकस व्यायामाचे एक मिनिट मध्यम व्यायामाच्या दोन मिनिटांएवढे धरतात. त्या हिशेबाने एका फेरीत १०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाचे काम होते. आठवड्यातील आणखी दोन दिवस अर्धा-अर्धा तास चालले, तर १५० मिनिटांची किमान मर्यादा पूर्ण होते.

आपल्यापैकी काहींना वाटेल की हे शहरवाल्यांचे चोचले आहेत, आम्हाला शेतात पुरेसा व्यायाम होतो. पण शेतीतील कष्टही आता हंगामी झाले आहेत. नांगरट ट्रॅक्टरने होते, मोटारसायकल बांधापर्यंत जाते आणि मधुमेह गावातही शिरला आहे. कष्टाचे काम कंबर वाकवून होते, पण हृदयाला लागणारी सलग चाल त्यात असतेच असे नाही. म्हणून हा विषय आपल्यालाही लागू आहे.

भाईंदर पूर्वची परिस्थिती

मीरा-भाईंदर येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८ लाखांहून अधिक होती. रेल्वेच्या पूर्वेला नवघर, गोडदेव, खारी ही जुनी गावे. त्यांच्या भातखाचरांवर व मोकळ्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, तरी गावांची नावे रस्त्यांना व नाक्यांना राहिली. उत्तरेला वसईची खाडी, जेसल पार्कची चौपाटी, भोवती खारफुटी व मिठागरे. खाडीपलीकडचा वसई तालुका भाजीपाला, फुले, केळी व विड्याच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे हवामान पिकाला अनुकूल आहे. अडचण जमीन, पाणी व जागा यांची आहे.

जमीन: खाडीकाठची मूळ माती चिकण व खारवट असते. तिच्यावर बांधकामाचा राडारोडा टाकून भराव केलेला असतो. अशा जागेवर थेट बी पेरल्यास उगवण विरळ होते व पानांच्या कडा करपतात.

पाणी: पावसाळ्यातील चार महिन्यांत पाऊस भरपूर पडतो, पण नंतरचे आठ महिने कोरडे जातात. कूपनलिकेचे पाणी खाडीच्या सान्निध्यामुळे खारट असू शकते.

जागा: मोकळी दिसणारी प्रत्येक जागा बागेसाठी नसते. मिठागरांच्या जमिनीत कुदळ घालू नये. खारफुटीला तर हातही लावू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ व २०१८ साली दिलेल्या आदेशांनी खारफुटीची तोड व तेथील भराव यांना मनाई केली आहे. शिवाय भरतीच्या लाटांपासून वस्तीचे रक्षण हीच झाडे करतात. खारफुटीतील प्लास्टिक वेचायचे असल्यास वन विभागाच्या परवानगीने व जाणत्या माणसाबरोबरच जावे.

जागेची निवड

शाळेचे आवार, गृहनिर्माण संस्थेचा मोकळा कोपरा, महानगरपालिकेच्या उद्यानातील नेमून दिलेला भाग किंवा इमारतीची मजबूत गच्ची या चार जागा योग्य आहेत. पुढील बाबी पाहून निवड करावी.

१) जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी. उद्यानासाठी महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा. झाड तोडणे किंवा मोठ्या फांद्या छाटणे यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

२) फळभाज्यांसाठी दिवसाचे किमान ५ ते ६ तास ऊन मिळावे. चार तास ऊन मिळत असल्यास पालेभाज्या घ्याव्यात. उंच इमारतींची सावली उन्हाळ्यात व हिवाळ्यात वेगवेगळी पडते, हे ध्यानात ठेवावे.

३) गोड्या पाण्याचा नळ ५० मीटरच्या आत असावा.

४) वाहत्या रस्त्यालगत व रेल्वे रुळांलगत पालेभाज्या घेऊ नयेत. सांडपाण्यावर तर कोणतीच भाजी वाढवू नये. खर्च वाचला तरी तो आजार होऊन ताटात येतो.

५) गच्ची असल्यास स्थापत्य अभियंत्याकडून भार किती पेलेल याची खात्री करून घ्यावी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील व सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. पुढे त्यांनी 'अर्बन लीव्हज'च्या माध्यमातून स्वयंसेवकांना सामूहिक शेती शिकवली. कचरा हीच माती होऊ शकते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

६) जमायच्या ठिकाणापासून बाग २ ते ३ किमी अंतरावर असावी. त्याहून जवळ असल्यास धावण्याचा फेरा लांबवावा, मात्र बाग लांब नेऊ नये. बाग लांब पडली की रोजच्या पाण्याची अडचण होते.

मातीची तयारी

प्रथम माती परीक्षण करावे. जागेवरील ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे सुमारे २० सेंमी खोल खड्डे घ्यावेत. कडेची माती खरवडून एकत्र मिसळावी व त्यातील अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत द्यावा. क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असल्यास जमीन खारवट समजतात. घेवडा, गाजर व कांदा ही पिके सुमारे १ डेसीसायमनलाच त्रास दाखवू लागतात, पालक २ पर्यंत तग धरतो आणि बीट सुमारे ४ पर्यंत निभावते. पाण्याचाही नमुना तपासून घ्यावा. खारजमिनीसंबंधी अधिक माहिती कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राकडे मिळते. जिप्सम ऐकीव माहितीवर टाकू नये. ते चोपण जमिनीला लागते, नुसत्या खारवट जमिनीला नव्हे. खारवट जमिनीतील क्षार पावसाच्या गोड्या पाण्याने धुऊन काढावे लागतात व ते पाणी बाहेर जाण्यासाठी चर ठेवावे लागतात.

अशा जागी गादीवाफे हाच सोपा उपाय आहे. वाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व ३० सेंमी उंच करावा. रुंदी याहून वाढवू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. दोन वाफ्यांत ५० ते ६० सेंमी वाट ठेवावी. भरणीसाठी चांगली माती दोन भाग, कंपोस्ट खत एक भाग व भाताचा तूस किंवा नारळाचा भुसा एक भाग असे मिश्रण वापरावे.

आता श्रमाचा हिशेब पाहू. एका वाफ्याला ०.९ घनमीटर, म्हणजे ९०० लिटर भरणी लागते. अशा दहा वाफ्यांना ९,००० लिटर लागेल. अर्धे भरलेले घमेले सुमारे १० लिटरचे धरले तर ९०० घमेली होतात. गटात २० माणसे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४५ घमेली येतात. तीन रविवारांत विभागल्यास एका वेळी १५ घमेली पडतात. चाळीस मिनिटांत हे काम सहज होते. मजूर लावून जे काम परवडत नाही म्हणून बागा रखडतात, ते धावणारा गट तीन रविवारांत उरकतो. त्याची खरी उपयुक्तता येथे आहे.

कंपोस्ट खत

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करण्यावर आणि मोठ्या गृहसंकुलांनी ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्यावर भर दिला. त्यामुळे खताच्या कच्च्या मालाची वाण नाही. आकारमानाने एक भाग ओला कचरा व दोन भाग सुकी पाने असे थर द्यावेत. मधून थोडे जुने खत किंवा शेणकाला शिंपडावा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. दर आठवड्याला ढीग पालटावा. ढीग पालटणे हा पाठ व खांद्यांचा उत्तम व्यायाम आहे, म्हणून तो गटाकडेच द्यावा. दोन ते तीन महिन्यांत खत तयार होते. त्याला मातीचा वास येतो. कुजका वास आल्यास सुकी पाने वाढवावीत. गणेशोत्सवातील निर्माल्य दोरे, प्लास्टिक व चमकी काढून खतात घालावे.

कामाची विभागणी हाच कळीचा मुद्दा

धावणारा गट आठवड्यातून एकदा येतो, पण रोपाला तहान रोज लागते. हे न ओळखल्यामुळे अनेक सामूहिक बागा पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडतात. म्हणून कामे सुरुवातीलाच दोन भागांत वाटावीत.

गटाची साप्ताहिक कामे: खणणे, माती-खत वाहणे, ढीग पालटणे, खत चाळणे, मांडव उभारणे, चर साफ करणे, आच्छादन पसरणे.

शेजारच्या रहिवाशांची दैनंदिन कामे: पाणी देणे, कीड पाहणे, तोडणी, कुंपणाचे दार लावणे. यासाठी सात कुटुंबांना आठवड्याचे सात वार वाटून द्यावेत. शाळेत बाग असल्यास दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीतील पाळ्या आधीच ठरवाव्यात.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कोरड्या हंगामात भाजीला दिवसाला सुमारे ५ मिमी पाणी धरल्यास ३० चौरस मीटरच्या दहा वाफ्यांना रोज १५० लिटर लागते. म्हणजे १० लिटरच्या पंधरा झाऱ्या झाल्या. दोन माणसे हे काम अर्ध्या तासात करतात. वाफ्यांवर ५ ते ७ सेंमी जाडीचे भाताच्या पेंढ्याचे किंवा सुक्या पानांचे आच्छादन दिल्यास ओल अधिक टिकते आणि जमिनीतील क्षारही वर येत नाहीत. शक्य असल्यास साधे ठिबक बसवावे.

एका फेरीचे वेळापत्रक

१) सकाळी ६.०० वाजता जमावे. हजेरी घ्यावी. कोणाला दुखापत, ताप, छातीत दुखणे आहे का हे विचारावे. पाच मिनिटे सांधे मोकळे करावेत.

२) ६.१० ते ६.३० धावावे. वेग असा असावा की धावताना बोलता यावे. नवख्यांनी एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. गटाच्या शेवटी एक अनुभवी व्यक्ती ठेवावी आणि कोणालाही मागे टाकून जाऊ नये. गजबजलेल्या नाक्यांवर धावणे थांबवून चालत रस्ता ओलांडावा. अंधार असल्यास चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात.

३) बागेत पोहोचल्यावर पाच मिनिटे चालून श्वास शांत होऊ द्यावा, पाणी प्यावे. धावून आल्याबरोबर वाकून जड वजन उचलू नये.

४) ६.३५ ते ७.१५ काम करावे. कामे हलकी, मध्यम व जड अशी तीन प्रकारची ठेवावीत व ज्याने त्याने आपल्या प्रकृतीप्रमाणे निवडावीत. बी निवडणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे ही हलकी कामेही तितकीच मोलाची आहेत. दर पंधरा मिनिटांनी काम बदलावे, म्हणजे एकाच अवयवावर ताण येत नाही.

५) ७.१५ वाजता अवजारे मोजून, धुऊन ठेवावीत. साबणाने हात धुवावेत. पाठ, मांड्या व खांदे ताणण्याचे व्यायाम करावेत आणि मग चालत परतावे.

घ्यावयाची काळजी

वजन उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे वाकवावेत व घमेले अंगाजवळ धरावे. घमेले अर्धेच भरावे. माती दूर वाहायची असल्यास माणसांची साखळी करावी. भरावाच्या मातीत काचा व खिळे असतात, म्हणून जाड हातमोजे व बंद बूट वापरावेत आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायाला जखम असताना अशा पाण्यात उतरू नये. उतरावे लागल्यास, किंवा नंतर ताप व अंगदुखी झाल्यास, लगेच डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम भरपूर येऊनही अंग थंड होत नाही. म्हणून एप्रिल-मे व ऑक्टोबरमध्ये अर्धा तास आधी सुरुवात करावी. चक्कर, मळमळ वाटल्यास तत्काळ सावलीत बसवावे.

वर्षभराचे नियोजन

मार्च ते मे: पानगळीची पाने गोळा करून साठवावीत. माती व पाण्याचे परीक्षण, वाफे भरणे, खत चाळणे ही कामे उरकावीत. आधी लावलेल्या झाडांना पाणी देणे हे या काळातील सर्वांत महत्त्वाचे काम समजावे.

जून-जुलै: भेंडी, काकडी, शिराळी, दुधी, पडवळ, चवळी यांची लागवड करावी. कारल्याची 'कोकण तारा', शेवग्याची 'कोकण रुचिरा' व माठाची 'कोकण दुरंगी' या विद्यापीठाच्या जाती उपलब्धतेनुसार निवडाव्यात. कुंपणालगत कढीपत्ता, लिंबू व शेवगा लावावा. खाडीच्या वाऱ्याला भेंडीचे झाड, करंज, उंडी व नारळ चांगली दाद देतात.

ऑगस्ट-सप्टेंबर: पावसामुळे धावण्याचा उत्साह कमी होतो आणि तण मात्र जोमाने वाढते. या महिन्यांत धाव छोटी ठेवून खुरपणी व मांडवाच्या कामाला वेळ द्यावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: पालक, मेथी, मुळा, माठ, कोथिंबीर पेरावी. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे लावावीत. वालाची 'कोकण भूषण' ही जात घ्यावी. मेथी व कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरल्यास भाजी सलग मिळते.

डिसेंबर ते फेब्रुवारी: हवा थंड असते. वसई-विरार व मुंबई येथील मॅरेथॉन याच सुमारास होतात, त्यामुळे गटातील अनेक जण सरावात गुंततात. तोडणीचा काळही हाच असतो. म्हणून रहिवाशांच्या पाळ्या या काळात वाढवाव्यात.

भाजी कोणाची

भाजी तयार झाली की भांडण सुरू होते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. वाटपाचा नियम बी पेरण्यापूर्वीच ठरवून फळ्यावर लिहावा. एक भाग पाणी घालणाऱ्या कुटुंबांना, एक भाग श्रम करणाऱ्या गटाला व एक भाग शाळेच्या आहाराला किंवा परिसरातील एकट्या वृद्धांना द्यावा, ही विभागणी सोयीची पडते. वृद्धांची भाजी गटाने परतीच्या वाटेवर पोहोचवावी. त्या निमित्ताने चौकशीही होते.

एक नोंदवही ठेवावी. तारीख, उपस्थिती, केलेले काम, निघालेली भाजी आणि मुख्य म्हणजे जगलेल्या रोपांची संख्या तिच्यात लिहावी. किती रोपे लावली हा आकडा दर्शनी पाटीवर लिहू नये. दुसऱ्या पावसाळ्यात किती जिवंत आहेत तो लिहावा.

आपण शेतकऱ्यांनी काय करावे

या कामात शहरवाल्यांकडे पाय आहेत, वेळ आहे व उत्साह आहे. हातातील कसब आपल्याकडे आहे. कुदळ कशी धरावी, ओल कशी ओळखावी, रोप केव्हा उपटावे, हे पुस्तकातून येत नाही. वसई, पालघर, उत्तन परिसरातील शेतकऱ्यांनी अशा एखाद्या गटाला महिन्यातून एक सकाळ मार्गदर्शनासाठी द्यावी व त्याचे योग्य मानधन मोकळेपणाने मागावे. रोपवाटिका असणाऱ्यांना खात्रीची रोपे, तर जनावरे असणाऱ्यांना शेणखत पुरवता येईल. गट जमतो त्या ठिकाणी कामानंतर ताजी भाजी थेट विकण्याची सोय परवानगीने करता येते. स्वतःच्या हाताने ढीगभर तण काढलेला माणूस मेथीच्या जुडीचा भाव करताना थोडा थबकतो.

गावी बंधारा, गावतळे किंवा शाळेची परसबाग असे सार्वजनिक काम असल्यास अशा गटांना जरूर बोलवावे. मात्र खासगी शेतातील मजुरीला श्रमदानाचे नाव देऊ नये. त्याने गटाचा विश्वास जातो आणि गावातील मजुराची रोजीही बुडते. गट येण्यापूर्वी काम आखून, अवजारे मोजून व पिण्याचे पाणी भरून ठेवावे. वीस माणसे आली आणि फावडी चारच निघाली, तर पुढच्या वेळी वीस येत नाहीत.

सुरुवात लहान ठेवावी. पहिल्या वर्षी दोन वाफे, दहा माणसे व सात पाणी घालणारी कुटुंबे एवढेच पुरे. हे दोन वाफे मे महिना हिरवे राहिले तर तिसरा वाफा घ्यावा. ते वाळले तर आणखी वाफे न वाढवता पाण्याच्या पाळ्या दुरुस्त कराव्यात. माती परीक्षण, बियाणे व खारजमिनीविषयी काही शंका असल्यास आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा कृषी विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण विभागाशी संपर्क साधावा.